क्लेअरची जागा आणि शपथेचा उंबरठा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ब्रिटिश संसदेच्या जुन्या याद्यांत आयर्लंडमधल्या क्लेअर काउंटीपुढे एकाच वेळी दोन खासदारांची नावे का दिसतात? कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढणारा आयरिश वकील डॅनियल ओकॉनेल १८२८ मध्ये तिथून जिंकला, तर १८२९ मध्ये तोच पुन्हा निवडून आल्याची नोंद कशी? १८७७ नंतर तिथला एक खासदार ऑस्ट्रेलियात राहत होता हे खरे का? आणि १८८५ नंतर हा मतदारसंघ यादीतून कुठे गेला?

मी तीसेक वर्षे महाविद्यालयात ब्रिटिश आणि आयरिश राजकीय इतिहास शिकवला. त्याच काळात सरकारी आदेश आला की निमूटपणे मतदान केंद्राध्यक्षाची पिशवी खांद्याला लावून खेडोपाडीही गेलो. पुस्तकातल्या कलमांपेक्षा निवडणुकीची खरी समज मला त्या पिशवीने दिली. त्यामुळे उत्तर लांबले तर सांभाळून घ्या.

आधी दोन नावांचे कोडे सोडवू. १८०१ पूर्वी डब्लिनला आयर्लंडची स्वतःची संसद होती. तिच्या कनिष्ठ सभागृहात ३०० सदस्य असत आणि प्रत्येक काउंटीचे दोन. मग १८०० च्या कायद्याने ती संसद विसर्जित करून १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंडला वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे लंडनच्या संसदेत, १०० जागा देण्यात आल्या. छाट पडली ती मुख्यतः शहरांच्या जागांवर. ३२ काउंट्यांच्या दोन-दोन जागा, म्हणजे ६४, जशाच्या तशा राहिल्या. क्लेअरच्या दोन जागा त्यांपैकीच. आपल्याकडे १९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत द्विसदस्य मतदारसंघ होते. डॉ. आंबेडकर १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून हरले, तो मतदारसंघ तसाच होता. फरक इतकाच की आपल्याकडे त्यातली एक जागा राखीव असे, तिथे तसे काही नव्हते. सार्वत्रिक निवडणुकीत मतदाराला दोन मते असत. मध्येच एक जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक त्या एकीपुरतीच होई आणि दुसरा खासदार जागच्या जागी राही.

इथे नवखे हमखास एक चूक करतात. एनिस हे क्लेअर काउंटीचे मुख्य गाव, पण एनिस शहराची एक जागा वेगळी होती. काउंटीचे मतदान मात्र एनिसमध्येच व्हायचे. त्यामुळे 'एनिसची निवडणूक' असा उल्लेख दिसला तर तो कोणत्या जागेबद्दल आहे हे दर वेळी तपासा. १८२८ मध्ये एनिस शहराचा खासदार होता विल्यम स्मिथ ओब्रायन, जो पुढे १८४८ च्या बंडाबद्दल हद्दपार झाला. काउंटीच्या दोनपैकी एका जागेवर होता त्याचाच भाऊ ल्युशियस ओब्रायन. त्यांचे वडील सर एडवर्ड ओब्रायन १८०२ ते १८२६ अशी सलग चोवीस वर्षे क्लेअरचे खासदार होते. या घराण्याच्या ड्रोमोलंडच्या गढीतून काउंटीची एक जागा जणू वतनासारखी चाले.

आता मतदार कोण होते ते पाहू, कारण सगळी गोम तिथे आहे. काउंटीत मत असे 'चाळीस शिलिंगवाल्या' जमीनधारकाला. खंड वजा जाता जमिनीतून वर्षाला ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड सुटत असले की तो मतदार. त्यात जमीन मालकीचीच हवी असे नव्हते. आयर्लंडमध्ये काही ठरावीक माणसांच्या हयातीपर्यंतचा पट्टा लिहून देण्याची पद्धत होती आणि असा पट्टा कायद्याने मालकीसारखाच धरला जाई. १७९३ मध्ये कॅथलिकांना मताचा हक्क मिळाल्यावर जमीनदारांनी असे पट्टे सढळ हाताने वाटले. प्रत्येक पट्टा म्हणजे आपल्या खिशातले एक मत, हा सरळ हिशोब होता. मतदान उघड. सर्वांसमोर उभे राहून उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगायचे आणि कारकून ते वहीत टिपून घेई. जमीनदाराचा कारभारी शेजारी उभा. घराचे छप्पर ज्याच्या मर्जीवर टिकते, त्याच्यासमोर त्याच्याविरुद्ध नाव उच्चारायला काय छाती लागत असेल, याची कल्पना मला पुठ्ठ्याच्या आडोशामागे मतदार पाठवताना अनेकदा आली.

पण १७९३ च्या त्या कायद्याने अर्धेच दार उघडले होते. कॅथलिकाला मत देता येई, सभागृहात बसता येत नसे. त्याने उभे राहू नये असे मात्र कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. अडवणारी होती ती शपथ. पोपचा धार्मिक अधिकार या देशात मान्य नाही, असे शपथेवर सांगावे लागे. शिवाय मास ही कॅथलिक उपासना आणि संतांची आळवणी या गोष्टी अंधश्रद्धेच्या व मूर्तिपूजेच्या आहेत, असे जाहीर करावे लागे. थोडक्यात, श्रद्धाळू कॅथलिक निवडून येऊ शकत होता, पण दारातच स्वतःच्या धर्माला शिवी दिल्याशिवाय आत जाऊ शकत नव्हता. क्लेअरच्या जागेचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास मला नेहमी या उंबरठ्याभोवतीच फिरताना दिसतो. मतदार कोणाला पाठवतात हा एक प्रश्न, आणि पाठवलेला माणूस आत जातो का, हा दुसरा.

१८२८ ची पोटनिवडणूक एका तांत्रिक कारणाने लागली. क्लेअरचा दुसरा खासदार विल्यम वेझी-फिट्झजेरल्ड याला पंतप्रधान वेलिंग्टनच्या मंत्रिमंडळात व्यापार मंडळाचे अध्यक्षपद मिळाले. १७०७ च्या कायद्यानुसार राजाकडून असे लाभाचे पद घेतले की खासदारकी आपोआप जाई आणि पुन्हा मतदारांपुढे यावे लागे. आपल्या राज्यघटनेच्या कलम १०२ मधले 'लाभाचे पद' याच कुळातले. फक्त आपण मंत्रिपद त्यातून वगळले आहे. २००६ मध्ये सोनिया गांधींनी राष्ट्रीय सल्लागार परिषदेच्या वादात राजीनामा देऊन रायबरेलीतून पुन्हा निवडून येणे पसंत केले, ते आठवा. ब्रिटनमध्ये नव्या मंत्र्याची ही फेरनिवडणूक एरवी नुसता उपचार असे.

फिट्झजेरल्ड वाईट माणूस नव्हता, आणि मला या प्रकरणातली ही सगळ्यात बोचणारी गोष्ट वाटते. तो स्वतः कॅथलिकांना हक्क द्यावेत या मताचा होता. त्याच्या वडिलांनी १७९९ मध्ये डब्लिनची संसद मोडायला विरोध करून मोठे सरकारी पद गमावले होते. म्हणूनच कॅथलिक असोसिएशनने, म्हणजे ओकॉनेलच्या संघटनेने, आधी ज्याला उभे राहायला विचारले, त्या मेजर विल्यम मॅकनमारा या प्रोटेस्टंट जमीनदाराने फिट्झजेरल्ड घराण्याशी असलेल्या संबंधांमुळे नकार दिला. मग ओकॉनेल स्वतः उतरला. असोसिएशनकडे पैसा होता, कारण १८२४ पासून महिन्याला एक पेनी अशी वर्गणी गावोगाव, चर्चच्या आवारात गोळा होत होती. आणि १८२६ मध्ये वॉटरफर्डच्या शेतकऱ्यांनी बेरेसफर्ड या बलाढ्य घराण्याचा उमेदवार पाडून दाखवला होता. मात्र तिथे विजयी झालेला उमेदवार प्रोटेस्टंट होता. स्वतः कॅथलिकच उभा राहणे ही पुढची पायरी.

३० जूनला एनिसच्या न्यायालयात उमेदवारी जाहीर झाली. ओकॉनेलचे नाव सुचवले ओगॉर्मन मॅहन या तरुणाने. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. अनुमोदन दिले टॉम स्टील या प्रोटेस्टंटाने. मॅहन गळ्यात हिरवी फीत आणि पदक मिरवत गॅलरीच्या कठड्यावर बसला होता. निवडणूक चालवणाऱ्या शेरीफने ते काढायला सांगितल्यावर त्याने अशा काही थाटात नकार दिला की शेरीफने विषय सोडून दिला. फिट्झजेरल्डचे भाषण चांगले झाले. आजारी वडिलांचा उल्लेख करताना त्याचा आवाज भरून आला आणि विरोधी गर्दीही हेलावली. पण मते त्याने मिळत नसतात. मतदान १ ते ५ जुलै असे पाच दिवस चालले. खेड्यांतले मतदार पाद्र्यांच्या मागोमाग तुकड्या करून आले. गावात तीसेक हजार माणसे असल्याची वर्णने आहेत, तरी दंगा नाही. दारूला हात लावायचा नाही, असा असोसिएशनचा हुकूम होता आणि तो पाळला गेला. निवडणुकीच्या आदल्या रात्री काय काय वाटले जाते हे ज्याने पाहिले आहे, त्यालाच ही गोष्ट किती अवघड हे कळेल! निकाल: ओकॉनेल २०५७, फिट्झजेरल्ड ९८२.

मंत्री पडला. पण विजयी उमेदवाराला आत येता येत नाही. सरकारपुढे पेच होता तो असा: हेच इतर काउंट्यांत घडले तर पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत डझनावारी असे खासदार दारात उभे राहतील. गृहमंत्री रॉबर्ट पील आयुष्यभर कॅथलिकांच्या हक्कांना विरोध करत आला होता. त्यानेच आता पलटी घेतली. त्यासाठी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या जागेचा राजीनामा देऊन तो पुन्हा उभा राहिला आणि हरला, तरी दुसऱ्या जागेवरून येऊन विधेयक त्यानेच रेटले. १३ एप्रिल १८२९ ला कॅथलिक मुक्ती कायद्यावर राजाची सही झाली. नव्या शपथेत आक्षेपार्ह मजकूर नव्हता.

मग ओकॉनेल सरळ जाऊन का बसला नाही? इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. कायद्यात शब्द असे घातले होते की नवी शपथ कायद्यानंतर निवडून येणाऱ्यांनाच मिळेल. ओकॉनेल आधी निवडून आलेला. १५ मे १८२९ ला तो सभागृहात गेला, तेव्हा त्याच्यापुढे जुनीच शपथ ठेवण्यात आली. त्याने ती वाचली आणि घ्यायला नकार दिला. त्यातले एक विधान खोटे आहे हे मला ठाऊक आहे आणि दुसरे खोटे आहे असे मी मानतो, अशा आशयाचे त्याचे उत्तर प्रसिद्ध आहे. सभागृहाने त्याचे म्हणणे ऐकून घेतले, पण मानले नाही. निवडणुकीचा नवा आदेश (रिट) निघाला आणि ३० जुलैला तो एनिसमधून बिनविरोध निवडून आला. प्रत्यक्ष आसनावर बसला तो फेब्रुवारी १८३० मध्ये. म्हणजे पहिल्या विजयानंतर दीड वर्षाहून अधिक काळ क्लेअरची ती खुर्ची रिकामीच होती, यादीत नाव असूनही.

ओकॉनेल हा आत बसलेला पहिला कॅथलिक, असे सर्रास लिहिले जाते. मीही सुरुवातीची काही वर्षे वर्गात तेच ठोकून देत होतो. ते बरोबर नाही. मे १८२९ मध्ये हॉर्शममधून आलेला अर्ल ऑफ सरे त्याच्याआधी नवी शपथ घेऊन बसला. बड्या इंग्लिश घराण्याच्या वारसाला दार लगेच उघडले आणि ज्याच्यामुळे ते उघडले त्याला परत मतदारांकडे पाठवले.

याहून मोठी किंमत मोजली ती मतदारांनी. मुक्ती कायद्याबरोबरच दुसरा कायदा आला. आयर्लंडच्या काउंट्यांत मतासाठी ४० शिलिंगांऐवजी १० पौंडांची अट. दोन लाखांहून अधिक असलेले काउंटी मतदार एका फटक्यात सुमारे ३७ हजारांवर आले. एनिसला शिस्तीत चालत आलेली, जमीनदाराच्या तोंडावर दुसरे नाव घेणारी बहुतेक माणसे यादीतून पुसली गेली. ओकॉनेलने निषेध केला, पण त्यापलीकडे लढला नाही. १८२५ च्या वाटाघाटीत तर याच सौद्याला तो स्वतः राजी झाला होता. त्याला 'मुक्तिदाता' म्हणताना हे विसरू नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. वकिली हुशारीत त्याचा हात कोणी धरला नसता, पण या हिशोबात गरीब शेतकरी नेहमी शेवटच्या ओळीत राहिला.

पुढची यादी भराभर पाहू. १८३० मध्ये ओकॉनेल वॉटरफर्डला गेला आणि क्लेअरमधून तोच ओगॉर्मन मॅहन निवडून आला. लाचेच्या तक्रारीवरून त्याची निवड रद्द झाली आणि १८३१ मध्ये ओकॉनेलचा मुलगा मॉरिस तिथे आला. १८२८ ला नाही म्हणणारा मेजर मॅकनमारा १८३० पासून १८५२ पर्यंत बसून होता. १८१५ मध्ये ओकॉनेलच्या हातून द्वंद्वयुद्धात जॉन डेस्टर हा प्रतिस्पर्धी मारला गेला, तेव्हा ओकॉनेलच्या बाजूचा साक्षीदार हाच. कॉर्नेलियस ओब्रायन हा आणखी एक दीर्घकाळचा खासदार. मोहेरच्या समुद्रकड्यांवरचा १८३५ चा मनोरा त्याने बांधला. कडे सोडले तर इथले बाकी सगळे त्यानेच बांधले, अशी तिथे थट्टा चालते.

१८५२ च्या निवडणुकीत मात्र थट्टेला जागा नव्हती. २२ जुलैला सिक्समाइलब्रिज गावात एका बड्या जमीनदाराच्या कुळांना मतदानासाठी आणले जात होते. सोबत ३१ व्या रेजिमेंटचे शिपाई बंदोबस्ताला. जमावाशी बाचाबाची, दगडफेक, आणि गोळीबार. किमान सहा माणसे मेली. मतदार आपण होऊन चालले होते की हाकले जात होते, यावरच भांडण पेटले होते. उघड मतदानात या प्रश्नाचे उत्तर मिळतच नाही. गुप्त मतदान १८७२ च्या कायद्याने आले, म्हणजे आणखी वीस वर्षांनी.

आता ऑस्ट्रेलियाचे. होय, ते खरे आहे. १८६३ पासून क्लेअरचा खासदार असलेला सर कोलमन ओलॉक्लन १८७७ मध्ये वारला. वडिलांकडून आलेली सरदारकी धाकटा भाऊ ब्रायन याच्याकडे गेली आणि क्लेअरच्या मतदारांनी जागाही त्यालाच देऊन टाकली. तो होता मेलबर्नमध्ये वकिली करत. तो आला नाही, शपथही घेतली नाही. उलट १८७८ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीच्या विधिमंडळात शिरून तिथला महाधिवक्ता झाला. वेस्टमिन्स्टरमध्ये प्रश्न उठला: वसाहतीतले हे पद म्हणजे राजाकडून मिळालेले लाभाचे पदच ना? समितीने हो म्हटले आणि १८७९ मध्ये जागा रिकामी झाली. ज्या नियमाने फिट्झजेरल्डला १८२८ मध्ये मतदारांपुढे आणून ओकॉनेलला संधी दिली, त्याच नियमाने अर्ध्या शतकानंतर तीच काउंटी पुन्हा पोटनिवडणुकीला आणली. गंमत म्हणजे या ब्रायनचा जन्म १८२८ चाच. पुढे १८८१ मध्ये तो व्हिक्टोरियाचा पंतप्रधानही झाला, म्हणजे क्लेअरने माणूस तसा चुकीचा निवडला नव्हता, फक्त समुद्र चुकला.

१८७९ ची ती पोटनिवडणूक कोणी जिंकली असेल? ओगॉर्मन मॅहनने. एनिसच्या कठड्यावर बसलेला तो तरुण आता ऐंशीच्या घरात होता. मधल्या काळात त्याने अनेक द्वंद्वयुद्धे केली आणि परदेशी सैन्यांत नोकऱ्या केल्याच्या कथा सांगितल्या. त्यातल्या किती खऱ्या हे त्यालाच ठाऊक. १८८० मध्ये तो पुन्हा निवडून आला आणि दुसऱ्या जागेवर आला कॅप्टन विल्यम ओशे. मॅहननेच ओशेची पार्नेलशी ओळख करून दिली. या ओशेची पत्नी कॅथरीन आणि पार्नेल यांचे प्रेमप्रकरण १८९० च्या घटस्फोटाच्या खटल्यात बाहेर आले आणि आयरिश पक्षाचा सर्वांत मोठा नेता कोसळला. पार्नेलनेही सप्टेंबर १८८० मध्ये एनिसलाच भाषण करून, बेदखल झालेल्या कुळाची जमीन घेणाऱ्याला गावाने वाळीत टाकावे, असे सांगितले होते. काही आठवड्यांत मेयो काउंटीतल्या कॅप्टन बॉयकॉटवर त्याचा प्रयोग झाला आणि इंग्रजीला 'बॉयकॉट' हा शब्द मिळाला.

शेवटचा प्रश्न, १८८५ चा. त्या वर्षीच्या फेररचनेत दोन खासदारांची क्लेअर मोडून पूर्व क्लेअर आणि पश्चिम क्लेअर असे एकसदस्य मतदारसंघ केले गेले. एनिस शहराची वेगळी जागाही संपली. म्हणून यादीत पुढचे शोधताना 'पूर्व' आणि 'पश्चिम' पाहायचे. पश्चिम क्लेअरने १९०९ मध्ये आर्थर लिंच निवडला. हा बोअर युद्धात ब्रिटिशांविरुद्ध लढलेला, राजद्रोहासाठी फाशीची शिक्षा होऊन माफी मिळालेला माणूस. पूर्व क्लेअरचा विली रेडमंड १८९२ पासून खासदार होता. पन्नाशी उलटल्यावर सैन्यात गेला आणि ७ जून १९१७ ला बेल्जियममध्ये मेसिनच्या लढाईत मारला गेला.

त्याच्या जागेसाठी १० जुलैला पोटनिवडणूक झाली. उमेदवार होता १९१६ च्या ब्रिटिशविरोधी उठावातला, नुकताच तुरुंगातून सुटलेला एमन डी व्हॅलेरा. त्याला ५०१०, प्रतिस्पर्धी पॅट्रिक लिंचला २०३५. ओकॉनेल दारात जाऊन शपथेला नाही म्हणाला होता. डी व्हॅलेराने आधीच जाहीर केले की तो त्या दाराकडे फिरकणारच नाही. स्वतंत्र आयरिश राज्यातही तो क्लेअरचाच प्रतिनिधी राहिला, १९५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत. आणि शपथेने त्याचीही पाठ सोडली नाही. डब्लिनच्या नव्या संसदेत ब्रिटिश राजाशी निष्ठेचा उल्लेख असलेली शपथ होती, म्हणून तो आणि त्याचे अनुयायी वर्षानुवर्षे बाहेर बसले. १९२७ मध्ये मंत्री केव्हिन ओहिगिन्सचा खून झाला आणि सरकारने कायदा आणायला घेतला की शपथ घेण्याचे वचन न देणाऱ्याला उमेदवारीच मिळणार नाही. ऑगस्टमध्ये डी व्हॅलेरा आत गेला. टेबलावरचे बायबल त्याने उचलून दूर ठेवले, ही शपथ नव्हे, मी फक्त वहीत नाव लिहितो आहे असे कारकुनाला सांगितले आणि सही केली. पुढे सत्ता हातात आल्यावर १९३३ मध्ये त्याने ती शपथच कायद्यातून काढून टाकली.